जुगार सुटत नाही तेव्हा: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न खेळणारा माणूस क्वचितच विचारतो. विचारते त्याची बायको, आई, नाहीतर मुंबईहून गावच्या घराला पैसे पाठवणारा भाऊ. आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा पैशांचाच असतो: एवढं कर्ज फेडायचं कसं? त्या प्रश्नाचं उत्तर इथे मुद्दाम थोडं मागे ठेवलं आहे, कारण घाईघाईने, गुपचूप फेडलेलं कर्ज अनेक घरांत पुढच्या जुगाराचं भांडवल ठरतं. मात्र आत्ता कुणाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर वाचत बसू नका. टेली-मानसला १४४१६ वर किंवा थेट ११२ वर फोन करा.

हा खरंच आजार आहे, की नुसतं वाईट वळण?

आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतलं. पोटात काहीही जात नसताना जुगार त्या गटात गेला, याचं कारण मेंदूत घडणाऱ्या गोष्टी सारख्या आहेत. बक्षीस कधी मिळेल हे नक्की नसलं की मेंदू त्या खेळाकडे जास्त ओढला जातो. आणि मटक्यातली एका आकड्याने हुकलेली जोडी, म्हणजे दोन आकडी संख्या, मेंदूला हार वाटत नाही, ‘जवळ आलो होतो’ असं वाटतं. मोबाइलवरचे खेळ हे ओळखूनच बनवलेले असतात. डाव काही सेकंदांत संपतो, लगेच पुढचा सुरू होतो, थांबून विचार करायला उसंतच मिळत नाही.

आजार म्हटल्यावर माणसाची जबाबदारी संपत नाही. मधुमेह झालेल्यालाही पथ्य स्वतःच पाळावं लागतं. पण ‘याला लाजच नाही’ असं म्हणून घर जेव्हा हात झटकतं, तेव्हा उपचाराची वाट बंद होते.

गणपतीत आमच्याकडे सगळेच पत्ते खेळतात. सगळे व्यसनी का?

नाही. आरती-भजन आटोपल्यावर रात्र जागवायला तीन पत्तीचा डाव मांडणारे बरेच जण विसर्जनानंतर वर्षभर पत्त्यांना हात लावत नाहीत. पैसे लावून खेळणं कायद्यात बसत नाही, हा मुद्दा वेगळा. आजाराच्या दृष्टीने पाहायचं ते असं: डाव मोडल्यावर हा माणूस उठू शकतो का? ठरवलेल्या पैशांवर थांबू शकतो का? जत्रेतल्या जुगाराच्या पटावर शंभर रुपये घालवून दशावतार बघायला जाऊन बसणारा आणि नाटक संपून उजाडलं तरी पटाजवळून न हललेला, या दोघांत फरक आहे.

लहान मुलांना मात्र त्या डावात ‘गंमत म्हणून’ बसवू नका. ज्यांना पुढे त्रास झाला त्यांच्यातल्या अनेकांची सुरुवात कोवळ्या वयात, घरच्यांच्या देखत झालेली असते.

ओळखायचं कसं? तो तर काही सांगत नाही.

डॉक्टर नऊ खुणा पाहतात. बारा महिन्यांत त्यातल्या चार किंवा अधिक दिसल्या तर निदान होतं. तोच थरार मिळवायला रक्कम वाढवत नेणं, बंद करायला गेल्यावर चिडचिड, सोडायचे प्रयत्न फसणं, डोक्यात सतत तोच विषय, मन उदास झालं की खेळायला बसणं, हरलेले काढायला पुन्हा जाणं, खोटं बोलणं, नोकरी, शिक्षण किंवा नातं पणाला लागणं, आणि पैशांसाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहणं.

घरात एवढं सगळं लक्षात ठेवायला नको. १९९७ साली दोनच प्रश्नांची एक चाचणी तयार झाली, ती पुरते. अधिकाधिक पैसे लावायची गरज वाटली आहे का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाचं उत्तर जरी ‘हो’ असलं तरी डॉक्टरांकडे जायला ते पुरेसं कारण आहे.

आपल्याकडच्या खुणा म्हणाल तर त्या पैशांच्या वाटांवर दिसतात. आंब्याच्या दलालाकडून हंगामाआधीच घेतलेली उचल, आणि औषधफवारणीला मात्र पैसे नाहीत. बोटीवरच्या खलाशाने तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडून, पुन्हा पुन्हा मागितलेला ॲडव्हान्स. बचत गटाचा हप्ता बायकोने दिला, पण तो भरलाच गेला नाही. बाग कराराने दिल्याचं घरातल्यांना शेजाऱ्याकडून कळलं. दारूचा वास येतो, तोल जातो. जुगाराचं तसं काही नसतं. म्हणून कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

‘हरलेले निघाले की बंद करतो’ असं तो म्हणतो. एक संधी द्यावी का?

या वाक्याला आजाराचं सगळ्यात पक्कं लक्षण समजा. तो खोटं बोलत नसतो, त्याचा त्यावर खरंच विश्वास असतो. म्हणून त्याच्यासमोर हिशेब मांडावा, शांतपणे.

मटक्यात एकेरी आकडे दहा. लागला तर साधारण नऊपट मिळतात. समजा दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. शंभर गेले, एक आकडा लागणारच, हातात नव्वद आले. म्हणजे हमखास जिंकूनही दहा रुपये गेले. जोडीचं गणितही त्याच जातीचं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लावण्यापासून सुरू झालेला आणि १९६०च्या दशकात गिरणगावात फोफावलेला हा धंदा इतकी वर्षं टिकला तो याच गणितावर. ओपन-क्लोजचे, म्हणजे मटक्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांचे, तक्ते वहीत उतरवून ‘आता अमुक आकडा यायलाच हवा’ असं शोधणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, कारण मागचे आकडे पुढचं काहीतरी सांगतात असं मनाला वाटतंच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल येणार’ म्हणत लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला आधीची फेरी आठवत नव्हती.

आणि एखाद्या दिवशी खरंच मोठी रक्कम निघालीच, तर? बंद होत नाही. ‘आपल्याला जमतं’ हा समज घट्ट होतो आणि ती रक्कम पुढच्या डावांत जाते.

मोबाइलवरचे पैशांचे खेळ आता बंद झाले ना?

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं या सगळ्याला त्यात मनाई आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात विचारातच घेतलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याला नुकसान झालेला माणूस मानलं आहे. हे मी ठळकपणे सांगते, कारण ‘पोलीस पकडतील’ या भीतीने मुलं मदत मागत नाहीत.

मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. पण परदेशातून चालणारी बेटिंगची ॲप, रंग ओळखायचे आणि विमान उडवायचे खेळ, टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ देणारे बुकी हे सगळं गावागावांत अजून पोचतं. तिथे जिंकलेले पैसे मिळत नाहीत म्हणून तक्रार करायलाही दार नसतं. मटका आणि पत्त्यांचे अड्डे १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली येतात, तिथे खेळणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. पण डॉक्टरांशी बोलल्याने कुणावर केस होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे.

गोव्यातला कॅसिनो तर कायदेशीर आहे. मग त्यात काय वाईट?

बांदा-सावंतवाडीकडून हा प्रश्न हमखास येतो, पणजी तिथून जवळ आहे. मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना आहे हे खरं. पण गोवा सरकारनेच आपल्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी केली आणि २०२० पासून तिची अंमलबजावणी सुरू केली. ज्यांच्या दारात कॅसिनो आहे त्यांनी आपल्या माणसांना त्यापासून लांब ठेवलं, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

आम्ही सगळ्यांनी मिळून एकदाच कर्ज फेडून टाकलं तर?

थांबा. इथेच बहुतेक घरं घसरतात, आणि प्रेमापोटी घसरतात.

होतं असं. मुलगा रडत सांगतो, दोन लाख झालेत. आई पाटल्या मोडते, भाऊ पतपेढीतून कर्ज काढतो, ‘चार लोकांत नाव जायला नको’ म्हणून आठवड्याच्या आत सगळं मिटतं. मुलगा देवासमोर शपथ घेतो, आणि मनापासून घेतो. सहा महिन्यांनी कळतं की दोन नव्हते, चार होते; उरलेले दोन सांगायची त्याला लाज वाटली होती आणि तेच ‘काढायला’ तो पुन्हा गेला. आता आकडा आणखी मोठा असतो आणि पाटल्या उरलेल्या नसतात.

कर्ज फिटलं की त्याच्या डोक्यावरचा ताण जातो, पण खेळायची ओढ जशीच्या तशी राहते. वर मनात कुठेतरी नोंद होते की बुडलो तर घरचे काढतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी उपचार सुरू, मग सगळ्या देण्यांची पूर्ण यादी, मग फेड.

यादी एका बैठकीत पुरी होत नाही. पहिल्यांदा सांगितलेला आकडा खरा नसतो असं धरूनच चाला आणि त्यावरून भांडू नका. बँक, पतपेढी, किसान क्रेडिट कार्ड, सोनेतारण, लोन ॲप, मित्र, दलाल, दुकानातली उधारी, भिशी असं एकेक नाव घेऊन विचारा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट सोबत घेऊन बसा. फेड त्याच्याच कमाईतून, हप्त्याहप्त्याने होऊ द्या, लागतील तितकी वर्षं लागू देत. घरच्यांनी हातभार लावायचाच असेल तर रक्कम त्याच्या हातात न देता थेट बँकेत भरावी.

त्याच वेळी पैशांच्या वाटा बंद करा. पगार किंवा मासळीचा हिस्सा बायकोच्या किंवा आईच्या खात्यात. त्याच्या मोबाइलवरचं यूपीआय काही काळ बंद, किंवा मर्यादा अगदी खाली. रोजच्या खर्चाला मोजकी रोकड. सोनं लॉकरमध्ये, तेही त्याच्या नावावर नसलेल्या. सातबारा सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांना विश्वासात घ्या, म्हणजे बाग परस्पर कराराने किंवा गहाण जाणार नाही. हे त्याच्या संमतीने, ‘तुला जड जातंय तोवर’ असं म्हणून करावं. बरेच जण मनातून सुटल्यासारखे होतात. हातात पैसा असणंच त्यांना भीतीदायक झालेलं असतं.

आणि वहिनी, ताई, काकू: सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठेही सही करू नका. नवऱ्याने एकट्याने घेतलेलं कर्ज केवळ बायको म्हणून तुमच्यावर येत नाही. सही केली तर येतं. तुमचं स्त्रीधन तो बळजबरीने घेत असेल, घरखर्चच देत नसेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात त्याला आर्थिक छळ म्हटलं आहे. महिला हेल्पलाइन १८१. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते.

बुकी आणि सावकार दारात येऊन धमकावतात. द्यायलाच हवेत का?

पैजेचा करार कायद्याने निरर्थक आहे, १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे. आकड्याचे किंवा सट्ट्याचे पैसे वसूल करायला बुकी कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणूनच तो धमकीवर येतो. धमकी हा गुन्हा आहे: ११२, आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार.

विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार द्यायची. कोऱ्या कागदावर सही किंवा जमिनीचं खरेदीखत लिहून घेतलं असेल तर तेही तिथेच सांगा. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. लोन ॲपवाले फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी देत असतील तर घाबरून पुन्हा पैसे भरू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. स्क्रीनशॉट पुसू नका.

मुलाने आपलं बँक खातं कुणाला तरी ‘भाड्याने’ दिलंय.

आज बँकेत जाऊन ते बंद करा आणि वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांना स्वतःहून सांगा. अशा खात्यांतून बेटिंगचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो आणि चौकशी खातेदाराच्या दारात येते.

मदत नेमकी कुठे मिळेल?

सगळ्यात सोपं पाऊल म्हणजे टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीत. फोन खेळणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. आई, बायको, मित्र कुणीही करू शकतं. सुरुवात कशी करायची असं विचारतात. ‘माझ्या घरात एकाला जुगाराचं व्यसन आहे, मला काय करावं कळत नाही’ एवढं वाक्य पुरतं.

प्रत्यक्ष डॉक्टर हवेत तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते: रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस, रायगडसाठी अलिबाग. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गेलात तर बरं, पण नसली तरी अडत नाही.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. त्याचं नाव काढलं की घरात सन्नाटा पसरतो. ‘रत्नागिरीला पाठवू’ ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धमकी म्हणून वापरली गेली आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी केस पेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं, घरी यायचं. जुगारासाठी दाखल करून घ्यायची वेळ सहसा येत नाही.

मोबाइलचा अतिवापर आणि जुगार एकत्र असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत त्यासाठी खास क्लिनिक आहे. आणि गॅम्बलर्स ॲनॉनिमस ही १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली स्वमदत चळवळ आहे. त्यातून गेलेली माणसं एकमेकांना आधार देतात. त्यांच्या वीस प्रश्नांपैकी सात किंवा अधिक प्रश्नांना ‘हो’ आलं तर गंभीर समजावं असं ते सांगतात. ज्याला डॉक्टरांसमोर बोलायला संकोच वाटतो तो स्वतःसारख्यासमोर मोकळा होतो.

उपचारात काय करतात? गोळी असते का?

मुख्य उपचार बोलण्याचा असतो. कोणत्या वेळी, कोणत्या माणसांबरोबर, कोणत्या मनःस्थितीत ओढ येते ते शोधायचं, ‘आता लागणारच’ यासारखे विचार तपासायचे, ओढ आली की ती ओसरेपर्यंत काय करायचं ते ठरवायचं. सोबत नैराश्य, चिंता किंवा दारू असेल तर त्यावर औषध देतात, आणि ते बऱ्याचदा असतं. ओढ कमी करायला काहींना नाल्ट्रेक्सोन देतात, ते डॉक्टरच ठरवतील.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या काही औषधांमुळे एरवी सरळ आयुष्य जगलेल्या वयस्क माणसाला अचानक जुगाराची अनावर ओढ लागू शकते. आजोबांचं असं झालं असेल तर त्यांच्यावर ओरडू नका, औषध स्वतःहून थांबवूही नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा.

आम्ही कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, शपथ घेतली. तरी सुटेना.

गाऱ्हाणं घालण्यात काहीच चूक नाही. ग्रामदेवतेसमोर चार माणसांत मान्य केलेली गोष्ट माणसाला बळ देते, आणि मान्य करणं हीच उपचाराची पहिली पायरी असते. पण मोडलेल्या शपथेचं ओझं फार वाईट. ‘देवाचीसुद्धा शपथ मोडली, आता माझं काय उरलं’ असं म्हणत माणूस आणखी खोल जातो. कौल घ्या आणि डॉक्टरांकडेही जा. पायाचं हाड मोडलं तर आपण हे दोन्ही करतोच.

तो डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही.

हरून आला त्या रात्री बोलू नका. दुसऱ्या दिवशी, पोटात चार घास गेल्यावर, एकाच माणसाने बोलावं. सगळ्या भावकीची पंचायत बसवू नये. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगावं: ‘बाळा, फीचे पैसे भरले नाहीस हे शाळेतून कळलं. मला तुझी काळजी वाटते. उद्या मी सोबत येते, फक्त एकदा बोलून येऊ.’ नाही म्हणाला तर वाद न घालता आठवड्याने पुन्हा. दरम्यान पैशांच्या वाटा बंद करायला आणि स्वतः १४४१६ वर बोलायला त्याची परवानगी लागत नाही.

तो म्हणतो, जगून काय करू.

खरं माना. जुगाराच्या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि सर्वांत जास्त असतो तो कर्ज उघडं पडतं त्या दिवसांत. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. एकटं सोडू नका. बागेत फवारणीची औषधं पडवीत असतात, ती त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. १४४१६, ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. काही करून बसलाच तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असंच धरतं आणि सरकारवर त्याच्या उपचारांची जबाबदारी टाकतं.

बरा झाला होता, पुन्हा खेळला. सगळं वाया गेलं का?

नाही. पुन्हा घसरणं या आजारात नेहमीचं आहे. तो किती दिवसांत बोलला ते पाहा. पूर्वी वर्षभर लपवलं आणि आता तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर उपचार लागू पडतोय. त्याच आठवड्यात डॉक्टरांची पुढची तारीख घ्या.

आपल्याकडचे धोक्याचे काळ बऱ्यापैकी ठरलेले असतात, त्यांची तयारी आधी करता येते. आंब्या-काजूचा पैसा आणि आयपीएल एकाच वेळी येतात. त्या महिन्यांत दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा होऊ द्या. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, तरुण पोरं रिकामी आणि हातात मोबाइल. जाळी विणायचं, शेतातलं, लावणीचं काम आधीच ठरवून ठेवा. गणपतीत रात्रीचा डाव कुठल्या घरी बसतो ते सगळ्या वाडीला माहीत असतं. त्याला भजनाला तुमच्यासोबत न्या, पखवाज नाहीतर टाळ हातात द्या, आणि डाव मांडणाऱ्यांना आधीच जाऊन सांगा की यंदा आमच्या माणसाला बोलावू नका. बहुतेक जण ऐकतात.